पाहुणा दिसल्यापासून दार वाजेपर्यंत

माझ्या मुलीला पाचवीत असताना शाळेतून एक मेलेला शब्द मिळाला. चिठ्ठी टाकून मिळाला. इंग्लिशच्या टीचरनी असे पस्तीस-चाळीस शब्द चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटांच्या डब्यात घातले आणि डबा वर्गात फिरवला. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांत, बंदरांवर, बाजारांत एके काळी हे शब्द लोकांच्या तोंडी होते. आता त्यांना कुणी विचारत नाही. ज्याला जो शब्द मिळेल त्याने त्याचा अर्थ शोधायचा, तो आला कुठून ते शोधायचं, आणि स्वतःच्या घरातलं एक उदाहरण देऊन सगळं चार्टपेपरवर लिहून आणायचं. माझ्या मुलीच्या हाताला 'स्करीफंज' लागला.

"आई, इट साउंड्स लाइक अ डिसीज," दप्तर सोफ्यावर फेकत ती म्हणाली.

"आधी दप्तर जागेवर ठेव," मी म्हणाले. मी तशी शिस्तीची बाई आहे. माझा नवरा याला दुसरा शब्द वापरतो, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही शारजात अल मजाजला राहायचो, खालिद लगूनच्या काठावरच्या एका टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर. नवरा दुबईत एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होता. सकाळी अंधारात निघायचा आणि ट्रॅफिकला शिव्या घालत संध्याकाळी परतायचा. घर दोन बेडरूमचं. एका बेडरूममध्ये आम्ही तिघं आणि दुसरीत रत्नागिरीकडचं एक मुसलमान जोडपं. हॉल, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन सगळ्यांचं मिळून. त्या काळी तिकडे आमच्या ओळखीतली निम्मी माणसं अशीच राहायची, आणि कुणाच्या घरी किती जण राहतात हे विचारायची पद्धत नव्हती.

त्या जोडप्यातला नवरा दुबईतल्या देरा बाजारात एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. लग्नाला सहा वर्षं झालेली, त्यातली चार तो इकडे आणि बायको तिकडे. कसाबसा तिचा व्हिसा झाला, ती आली, आणि वर्षभरात तिला दिवस राहिले. त्याच्या मालकाकडून शेजारच्या अजमानला फ्लॅट मिळणार होता, पण तो पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. तोवर आमची ती खोली हेच त्यांचं घर. खोली गेली असती तर तिला परत रत्नागिरीला जावं लागलं असतं, आणि त्याला आपलं मूल पहिल्यांदा दिसलं असतं ते दोन वर्षांनी, रजेवर गेल्यावर. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आणि खोली जाण्याची भीती कायमच होती. भाडेकरारात स्वच्छ लिहिलेलं होतं: एक फ्लॅट, एक कुटुंब. ते तपासायला दर महिन्याला बिल्डिंग ऑफिसचा सुपरवायझर यायचा. पन्नाशीतला मंगळुरी गृहस्थ, हातात क्लिपबोर्ड, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. नळ गळतो का, एसी नीट चालतो का हे बघायच्या निमित्ताने तो घरभर फिरायचा. कधी येईल याचा नेम नसे. पण आमच्यावर नातूरची कृपा होती. नातूर म्हणजे तिकडचा बिल्डिंगचा रखवालदार. आमचा नातूर पेशावरकडचा पठाण होता. सुपरवायझर लिफ्टकडे निघाला की हा खालून इंटरकॉमची बेल तीनदा वाजवायचा. बोलायचा काही नाही. या उपकाराखातर मी दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, त्याला डबाभर शिरा पाठवायचे, आणि शिऱ्यात काजू जरा जास्तच घालायचे.

सुपरवायझर वर येताना आधी आठव्या मजल्यावर उतरायचा आणि मग जिना चढून आमच्याकडे यायचा. म्हणजे तीन बेलांपासून दारावरच्या टकटकीपर्यंत आम्हाला सहा मिनिटं मिळायची. या सहा मिनिटांत आम्ही जे करायचो ते मी पुढे आयुष्यात कधी केलं नाही.

सगळ्यात आधी चपला-बूट. तिच्या सँडल, त्याचे दोन जोड, सगळं वॉशिंग मशीनच्या पोटात. नवंकोरं मशीन, नऊशे दिरहम, म्हणजे जवळजवळ अकरा हजार रुपये, असं मी दर वेळी ओरडायचे आणि तरी बूट आतच जायचे. त्यांची गादी गुंडाळून कपाटामागे उभी राहायची. बॅगा आमच्या पलंगाखाली. मुलीचं टेबल ढकलत त्यांच्या खोलीत आणायचं, त्यावर चार पुस्तकं उघडी टाकायची, की झाली स्टडी रूम. भिंतीवर त्यांची काबाची तसबीर होती. तिच्या मागच्या बाजूला मुलीने जगाचा नकाशा चिकटवून ठेवला होता. तसबीर फिरवली की नकाशा. फिरवायचं काम मात्र ती रत्नागिरीवाली दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. दोन्ही हातांनी, बिस्मिल्ला म्हणून, हळूच फिरवायची, मग मी कितीही घाई केली तरी.

उरायचा वास. आम्ही शाकाहारी. तिने मासे करायचे ते आपल्या भांड्यात, मागच्या शेगडीवर, झाकण ठेवून आणि खिडकी उघडून, असा आमचा करार होता. तीन बेल वाजल्या की मी दोन उदबत्त्या लावायचे, शंका असली तर चार.

आणि सगळ्यात शेवटी ती स्वतः. ती पाहुणी व्हायची. पायात माझ्या सँडल, डोक्यावर बाहेर जायची ओढणी, मांडीवर पर्स, आणि सोफ्याच्या अगदी टोकावर बसायचं. मी तिला चांगल्या कपात चहा द्यायचे. एकदा सुपरवायझरच्या देखत मी जरा जास्तच रंगात येऊन म्हणाले, "या हं पुन्हा!" तर ती बिचारी गोंधळून उठली आणि खरोखर लिफ्टने खाली निघून गेली. अर्धा तास नातूरच्या खुर्चीवर बसून मग परत आली. "ताई, तुम्ही निरोप दिलात, मग मी काय करणार?" म्हणाली. त्या दिवशी आम्ही हसून हसून बेजार झालो.

तर, स्करीफंज. घरातल्या डिक्शनरीत 'स्करी' होता, म्हणजे लगबगीने पळणं, आणि त्याच्या पाठोपाठ थेट 'स्कर्व्ही'.

"सी? आय टोल्ड यू! डिसीज!" मुलगी म्हणाली आणि रडायच्या बेतात आली.

मग नवऱ्याने तो शब्द ऑफिसात नेला. त्याचा साहेब अस्सल इंग्रज, उन्हाने कायम लालबुंद. त्याने जन्मात हा शब्द ऐकला नव्हता. त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याने नवऱ्याच्या ड्रॉइंगमधल्या चुकासुद्धा काढल्या नाहीत. साहेबाची म्हातारी आई इंग्लंडात एकटी राहायची आणि तिच्याकडे बोलीभाषांचा जाडजूड जुना कोश होता. साहेब तिला दर आठवड्याला फोन करायचा. या वेळी फोनवर तिला काम मिळालं. दोन दिवसांनी ऑफिसच्या फॅक्सवर तिच्या थरथरत्या अक्षरातलं पान आलं. ते पान नवऱ्याने फाइलमध्ये घालून घरी आणलं आणि आम्ही सगळे हॉलमध्ये जमिनीवर बसून वाचायला लागलो.

आजींनी लिहिलं होतं की जुन्या काळी या शब्दाचा अर्थ मारणं, चाबकाने फोडून काढणं असा होता. मग तो खसाखसा घासणं या अर्थाने यायला लागला, भांडी घासतात तसं. 'स्करी'शी त्याचं नातं दिसतं, पण ते कितपत खरं ते सांगता येत नाही. आणि 'फंज' कुठून आलं हे कुणालाच माहीत नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं, की माझ्या नव्वदीच्या काकूंनीसुद्धा हा वापरलेला मला आठवत नाही, पण तुमच्या मुलीला शाबासकी सांगा.

"ओरिजिनला दहा मार्क्स आहेत," मुलगी म्हणाली. "आय कान्ट राइट नोबडी नोज!"

"का नाही? खरं आहे तेच लिही," मी म्हणाले. आपलं मूळ कुणाला माहीत नाही म्हणून शब्दाचं काही अडलं नव्हतं.

उरलेलं आम्हाला शारजातल्याच रोला भागातल्या इंटरनेट कॅफेत मिळालं. अर्ध्या तासाचे पैसे भरून आम्ही मायलेकी एका खुर्चीवर बसलो आणि पान एकेक ओळ करत वरून खाली उतरलं. इंग्लंडात हा शब्द निकामी झाला, पण तो समुद्र ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावांत पोचला होता आणि तिथे त्याला नवं काम लागलं होतं. तिथल्या बायका स्करीफंज म्हणायच्या ते एका ठरावीक धांदलीला: पाहुणा रस्त्यावरून येताना दिसल्यापासून तो दार वाजवीपर्यंत घरात जी आवराआवर चालते, ती.

मला तो शब्द एकदम आवडून गेला. मारणं, घासणं आणि आवरणं. शुक्रवारी सकाळी मी या तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने करते असं नवरा म्हणाला. आणि गावात कुणी विचारत नाही म्हणून समुद्रापार जाऊन नोकरी धरायची, हे तर आम्हा सगळ्यांचंच चरित्र होतं.

आपल्या मराठीत आवराआवर आहे, पण ती कधीही करता येते, सुट्टीच्या दिवशी रेडिओ लावूनसुद्धा. लिफ्ट वर येत असतानाच्या आवराआवरीला आपल्याकडे वेगळा शब्द नाही. आम्हाला तर तो महिन्याला एकदा लागत होता.

घरी येऊन सांगितलं तेव्हा हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते आमच्या रत्नागिरीवालीच्या. ती दाराला टेकून ऐकत होती, हात पोटावर. आठवा लागला होता. "ताई," ती म्हणाली, "म्हणजे आपण करतो तेच की!"

आम्ही सगळे हसलो. मुलीला उदाहरण मिळालं.

आता इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मुलीने पहिल्यांदा उदाहरणात चारच ओळी लिहिल्या होत्या, की पाहुणे आले की आम्ही घर आवरतो. मला ते मिळमिळीत वाटलं. माझ्या मुलीचा चार्ट आणि असा? शाळेत मी वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली बाई. मी म्हटलं, लिहिताना बारकावे हवेत, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला हवं. मग बूट वॉशिंग मशीनमध्ये गेले. गादी कपाटामागे गेली. तीन बेल वाजल्या. पर्स घेऊन बसलेली पाहुणी आली, आणि तिच्या शेजारी मुलीने स्केचपेनने तिचं चित्रही काढलं, पोटासकट. मी वरून सोनेरी किनार आखून दिली. चार मोठी माणसं घरात, पण हे आपण कशाबद्दल आणि कुठे लिहितोय असा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. नवऱ्याने तर नवव्या मजल्यावरून खाली बघणाऱ्या खिडक्या स्केल लावून काढल्या.

गुरुवारी सकाळी शाळेत पालकांना बोलावलं होतं. आमचा चार्ट बोर्डाच्या मधोमध, वर लाल तारा. मी चांगली साडी नेसून गेले होते. आणि बघते तर बोर्डासमोर चष्मा नाकावर ओढून आमचा सुपरवायझर उभा.

त्याचा मुलगा त्याच शाळेत, शेजारच्या तुकडीत होता हे मला माहीत नव्हतं. मी धावत जाऊन बोर्डासमोर अशी उभी राहिले की चार्ट माझ्या पदराआड जावा.

"मॅडम, थोड़ा साइड होंगे?" तो शांतपणे म्हणाला. "मेरे बेटे का बाजू में है."

मी बाजूला झाले. त्याने मुलाचा चार्ट वाचला, मग आमचा वाचला. पुन्हा वरपासून वाचला. चित्राकडे वाकून बघितलं. मी तिथेच उभी होते.

"बहुत अच्छा लिखा है," तो म्हणाला. "वॉशिंग मशीन वाला पॉइंट बहुत अच्छा है." मग घड्याळ बघून म्हणाला, "सैटरडे को मैं आता हूँ."

घरी येताना मुलगी टॅक्सीत विचारत होती, "आई, व्हाय आर यू क्राइंग? आय गॉट अ स्टार!"

शुक्रवार वाईट गेला. हे कळल्यावर रत्नागिरीवालीचा नवरा देऱ्याहून नवी बॅग घेऊन आला आणि तिचे कपडे भरायला लागला. "भाभी, तुम्ही कशाला मनाला लावून घेता," तो मला म्हणाला. "लिहिलेलं होतं तसं झालं. उद्या डॉक्टरचं पत्र आणतो. या दिवसांत पत्राशिवाय विमानात घेत नाहीत." बाळासाठी तिने विणलेली लाल पायमोज्यांची जोडी त्याने बॅगेत ठेवली, पुन्हा काढली, हातात घेऊन बघत बसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. माझ्या हौसेपायी मी त्या माणसाचं मूल त्याच्यापासून दोन वर्षं लांब नेऊन ठेवत होते. मुलीला मी रागावले नाही, कारण किनार मीच आखली होती.

शनिवारी सकाळी पुरुष दोघंही बाहेर होते. साडेअकराला इंटरकॉम वाजला. एक, दोन, तीन.

सवयीने मी चपलांकडे धावले. तिची पर्स उचलून तिच्या खोलीत गेले. ती गादीवर आडवी पडली होती, पाय उशीवर, घोटे सुजलेले.

"ऊठ गं, आला तो."

"नाही, ताई," ती म्हणाली. "आज मी पाहुणी होणार नाही. पाय उचलत नाहीत. आणि जायचंच आहे तर आपल्या जागेवरून उठून जाईन."

मी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं. तिनेही बघितलं. आम्ही दोघींनी ती फिरवली नाही. मी पर्स खाली ठेवली, हातातल्या सँडल दारात नेऊन ठेवल्या आणि तिच्या उशाशी बसून राहिले. सहा मिनिटं इतकी लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. एरवी पुरायची नाहीत.

टकटक झाली. सुपरवायझर आत आला. एका हातात क्लिपबोर्ड, दुसऱ्या काखेत कागदाची गुंडाळी. त्याने दारातल्या सँडल बघितल्या. खोलीच्या उंबऱ्याशी येऊन आत एकदा डोकावला आणि चटकन नजर वळवून मागे सरला. मग नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थांबला. मागच्या शेगडीवर तिने सकाळीच कालवण करून ठेवलं होतं, नवऱ्याला शेवटचं घरचं खाऊ घालायचं म्हणून.

"बांगडा," तो म्हणाला.

मी पुढे होऊन भांड्यावर झाकण ठेवलं.

"मॅडम, आप लोग व्हेजिटेरियन हैं. दो साल से मैं इधर अगरबत्ती और बांगडा एक साथ सूँघता हूँ."

मी म्हटलं, "फिर आपने कभी बोला क्यों नहीं?"

त्याने काखेतली गुंडाळी काढून ओट्यावर ठेवली. आमचा चार्ट होता, सोनेरी किनारीचा. "ओनर के ऑफिस के और लोगों के बच्चे भी उसी स्कूल में हैं. मैंने टीचर से बोला, बहुत अच्छा है, घर में दिखाना है, दे दो. अब ये बाहर मत लगाना." मग चार्ट उलगडून त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. पाहुणा दिसल्यापासून दार वाजेपर्यंत, या ओळीवर. "ये जो बीच का टाइम है ना मॅडम, ये मैं देता था."

मला कळायला वेळ लागला.

"पठान को बेल बजाने को मैंने ही बोला था. और आठवें माले पे मुझे क्या काम? वो फ्लॅट तो साल भर से खाली है. उधर जाके मैं खिड़की के पास खड़ा रहता था. ऊपर टेबल खींचने का आवाज़ आता था. आवाज़ बंद हुआ, तो मैं ऊपर आता था."

दोन वर्षांचा शिरा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. आणि हा माणूस खाली रिकाम्या घरात उभा राहून आमची घाई संपायची वाट बघत होता. मला त्याचा रागही आला, की आधी सांगितलं असतंस तर माझं मशीन वाचलं असतं. आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. मी म्हटलं, "चाय लेंगे?"

त्याने क्लिपबोर्डावरचा फॉर्म समोर घेतला. "फॅमिली, तीन," म्हणत लिहिलं. मग खोलीच्या दिशेने मान वळवली. "मेहमान, एक. कब तक रहेंगे?"

"डिलिव्हरी तक," मी म्हणाले. "और उसके बाद, अजमान में घर मिलने तक."

"उसके आगे खलास," तो म्हणाला. "मेरी नौकरी भी है." आणि त्याने ते लिहिलं.

आतून तिचा आवाज आला, "ताई, त्यांना जेवल्याशिवाय सोडू नका!"

म्हणून त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताने बांगड्याचं कालवण वाढलं. डाव धरताना तोंड फिरवलं होतं, त्यामुळे एक बांगडा त्याच्या ताटात पडला आणि एक टेबलावर. त्याने तो उचलून घेतला. "हमारे यहाँ नारियल थोड़ा ज़्यादा डालते हैं," एवढंच म्हणाला आणि भाताचा कण न ठेवता जेवला. तेवढ्यात डॉक्टरचं पत्र घेऊन तिचा नवरा दारात आला, आणि आपल्या ताटावर सुपरवायझर बसलेला बघून तिथेच उभा राहिला. त्याला सगळं समजावून सांगायला मला तीनदा सुरुवात करावी लागली. मग तो खोलीत गेला आणि बॅग रिकामी करत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मुलगा झाला. बाप दवाखान्याच्या दाराशी होता. चाळीस दिवसांनी बाळाला बघायला नातूरही वर आला आणि मी त्याला शिरा देताना म्हटलं, "खान साब, फोकट का खाया दो साल." तो दाढीतल्या दाढीत हसला, "बेल तो मैंने ही बजाया ना, बहनजी?" शिरा काही मी बंद केला नाही, फक्त काजू मोजके घालायला लागले.

वर्ष उलटल्यावर ते अजमानला गेले. पहिल्याच शुक्रवारी आम्ही त्यांचं घर बघायला निघालो. मुलगी दहा मिनिटांत तीनदा विचारत होती, की बाळ तिला ओळखेल का. बिल्डिंगखाली पोचल्यावर मी रस्त्यापलीकडच्या दुकानातून फोन केला.

"आम्ही खाली आलोय गं."

"खाली?" ती ओरडली. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. "ताई, येऊ नका! म्हणजे या, पण सावकाश या!"

मी फोन ठेवला. लिफ्ट उघडीच होती. नवरा आत शिरत होता, त्याला मी शर्टाला धरून बाहेर ओढलं.

"काय झालं?"

"काही नाही. सहा मिनिटं थांबायचं," मी म्हणाले.

"आई, कम ऑन! शी नोज अस!" मुलगी म्हणाली.

"थांबायचं म्हटलं ना."

आम्ही तिघं लिफ्टपाशी उभे राहिलो. वरती माझ्या त्या बाईचं पहिलं स्वतःचं घर होतं आणि त्यात ती आता आमच्यासाठी धावत होती. मला इतका आनंद झाला की नवऱ्याने दोनदा माझ्याकडे वळून बघितलं. सहा मिनिटं झाल्यावर मी आणखी एक दिलं. मग वर जाऊन दार वाजवलं.

तिने दार उघडलं. कडेवर बाळ, कपाळावर घाम, डोक्यावर ओढणी नीट. घर चकचकीत. भिंतीवर तसबीर होती, सरळ. "या, या, ताई, बसा," ती म्हणाली, अगदी पाहुण्यांना म्हणतात तसं, आणि मी सोफ्याच्या टोकावर पर्स मांडीवर घेऊन बसले. तिने मला चांगल्या कपात चहा दिला. स्वयंपाकघराच्या दारातून तिचं वॉशिंग मशीन दिसत होतं. त्याच्या झाकणातून लाल पायमोजा बाहेर लोंबत होता.